अ‍ॅशवेलच्या भिंतीपाशी

सावकाश या. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यातलं अ‍ॅशवेल गाव आणि तिथलं सेंट मेरीचं चर्च मनासमोर आणा. मनोऱ्याच्या पायथ्याशी, आतल्या बाजूने, उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहा. श्वास आपल्या लयीत चालू द्या.

समोरचा दगड खडूच्या जातीचा आहे. उघड्यावर तो ऊनपावसाने झिजतो, पण आडोशाला मात्र त्यावर ओढलेली रेघ शतकानुशतकं टिकते. बोट लावू नका, नजरच फिरवा. आधी नुसते ओरखडे दिसतील. थांबा. हळूहळू त्यांतून अक्षरं वर येतील.

ही अक्षरं 1350 सालची. प्लेग 1348 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोनेक वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसं घेऊन गेला. इथे त्या वर्षाचा उल्लेख आहे, त्या काळाच्या क्रूरपणाचा आहे, आणि मागे उरलेल्यांविषयी एक कडवट कबुली आहे: साक्ष द्यायला राहिले ते सगळ्यांत वाईट तेवढेच. लिहिणाऱ्याला लॅटिन येत होतं, आणि त्याने हे पद्यात बांधलं आहे. या गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. गावात प्रेतं पुरायला माणसं पुरत नसतील, आणि हा भिंतीशी उभा राहून मात्रा जुळवतो आहे.

त्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवा. हातात खिळा किंवा सुरीचं टोक. कुणासाठी लिहायचं? वाचणारं कुणी उरेल याची खात्री नाही. तरीही पहिलं अक्षर कोरायचं. त्याला ‘सगळ्यांत वाईट’ म्हणवून घ्यावंसं का वाटलं असेल? जिवंत राहिल्याची लाज माणसाला इतकी जुनी आहे का? उत्तर शोधू नका. प्रश्न जवळ राहू द्या.

आता पुढची नोंद. सेंट मॉरच्या दिवशी सुटलेलं प्रचंड वादळ. भिंतीवर साल 1361 आहे. आपल्या हिशेबाने ते 15 जानेवारी 1362, कारण तेव्हा तिथलं वर्ष 25 मार्चला पालटत असे. मधली दहा-अकरा वर्षं भिंत काही बोलत नाही. त्या वर्षांत पेरण्या झाल्या असतील, लग्नं लागली असतील. हे कोरून ठेवावंसं कुणाला वाटलं नाही.

जवळच एका भव्य चर्चचं रेखाचित्र आहे. ते लंडनचं जुनं सेंट पॉल्स असावं असं मानतात. ते चर्च 1666 च्या आगीत गेलं.

मान वर करा. हा मनोरा 176 फूट उंच आहे. खाली ही अक्षरं कोरली गेली तेव्हा वरचं बांधकाम पुरं व्हायचं होतं. गवंडी मेले होते, मजूर मिळेनासे झाले होते. मग चुना कुणी कालवला, दगड कुणी वर चढवले? जे उरले होते, त्यांनीच. भिंतीने ज्यांना सगळ्यांत वाईट म्हटलं आहे त्यांनी, आणि त्यांच्या मुलांनी.