ठाऊक नसणे आणि ठाऊक करून न घेणे



फेब्रुवारीच्या ३ तारखेला ख्रिस्तसभा संत ब्लेझ यांचे स्मरण करते. त्या दिवशी दोन मेणबत्त्या एकमेकींवर तिरप्या धरून भाविकांच्या गळ्याला आशीर्वाद देण्याची जुनी प्रथा आहे. ९ तारखेला संत अपोलोनिया यांचे स्मरण होते. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया शहरात छळ करणाऱ्यांनी त्यांचे दात पाडले, म्हणून दातदुखीचे रुग्ण त्यांच्या मध्यस्थीची याचना करतात. या दोन दिवसांच्या मध्ये, ४ तारखेला, जागतिक कर्करोग दिन असतो. हे निमित्त साधून आज आपण एका नैतिक प्रश्नाचा विचार करू या. स्वतःच्या शरीराविषयी जे सहज जाणून घेता येते ते जाणून न घेणे, ही फक्त ज्याची त्याची मर्जी आहे, की त्यात काही दोष आहे?

असा एक गृहस्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचा असतो. वय पन्नाशीचे. कामाला निघताना तो तंबाखूची चिमूट गालात धरतो. गेले चार महिने त्याच जागी पांढरा चट्टा आहे. तिखट लागले की आग होते, म्हणून तो दुसऱ्या बाजूने जेवतो. दाढी करताना त्याने एकदा गाल ओढून आरशात पाहिले आणि पुन्हा पाहायचे सोडून दिले. दाढ दुखली तेव्हा तो दंतवैद्याकडे गेला, पण चट्ट्याविषयी बोलला नाही. बायकोने विचारले तर म्हणतो, "काही नाही, उष्णता झालीय."

त्याला छेडले तर तो म्हणेल, "ते काय आहे हे मला कुठे ठाऊक आहे?" हे खरेच आहे, त्याला ठाऊक नाही. पण का ठाऊक नाही?

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा बारकाईने विचार केला आहे. सगळे अज्ञान सारखे नसते, असे ते दाखवून देतात. काही अज्ञान माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. ज्या आजीने आपल्या आईचे पाहून आयुष्यभर मिश्री लावली आणि जिला तिचा धोका कोणीच कधी सांगितला नाही, तिला दोष कोण देईल? काही अज्ञान हलगर्जीपणाचे असते. कळू शकत होते, पण आपण लक्ष दिले नाही. तिसरे अज्ञान मात्र माणूस स्वतः पत्करतो. कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून तो कळूच देत नाही. अशा अज्ञानाने दोष कमी होत नाही, कारण ते स्वतःच आपल्या इच्छेचे फळ असते. आपला गृहस्थ कोणत्या प्रकारात बसतो, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता जे जाणून घ्यायचे ते किती अवघड आहे? दंतवैद्य दिव्याच्या उजेडात आरसा धरून ओठ, गाल, हिरड्या, टाळू आणि जिभेच्या कडा पाहतो. जीभ उचलायला सांगून तिच्याखालची जागा पाहतो. मानेवर बोटे फिरवून गाठी लागतात का ते चाचपतो. सुई नाही, कापाकापी नाही, काही मिनिटांत काम होते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तिखटाने होणारी आग, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, अशा खुणा तो शोधत असतो. प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. शंका आली तर छोटा तुकडा काढून तपासतात, आणि त्यानंतरच नक्की काय ते कळते.

आपल्या देशात हा प्रश्न मोठा आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण होते. जगातील एकूण रुग्णांच्या हा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा आहे. तंबाखू हे मुख्य कारण, आणि तिच्या जोडीला दारू आली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. आपल्या लग्नसमारंभांत या दोन्ही गोष्टी किती सहज हाती येतात, हे मी सांगायला नको. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी चघळतो," असे म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला.

पाहण्याने खरोखर फरक पडतो का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींत १९९६ पासून यावर मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण घेतलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासत. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांपैकी ज्या गटाला ही तपासणी उपलब्ध होती, त्यात तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. व्यसन नसलेल्यांत असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ज्याला पाहून घ्यायची सर्वांत जास्त भीती वाटते, त्यालाच पाहण्याचा सर्वांत जास्त लाभ आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला मार्ग दाखवते. जीवन आणि आरोग्य ही देवाने आपल्यावर सोपवलेली देणगी आहे आणि तिची वाजवी काळजी घेणे आपले कर्तव्य आहे, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (परिच्छेद २२८८). 'वाजवी' हा शब्द ध्यानात घ्या. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले की, जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे माणसावर बंधनकारक आहे. स्वतःवर वा इतरांवर भारी ओझे टाकणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. दंतवैद्यासमोर काही मिनिटे तोंड उघडणे याहून साधारण उपाय कोणता असेल? हाच उपाय टाळत राहिल्याने पुढे जबडा काढण्याचा, नळीने अन्न देण्याचा, जमीन विकून उपचार करण्याचा प्रश्न घरासमोर उभा राहतो. तेव्हा सारे कुटुंब परळच्या टाटा रुग्णालयाच्या वाऱ्या करते आणि निर्णय घेणे सर्वांनाच जड जाते.

कोणी म्हणेल, "फादर, देवाच्या मनात असेल तेच होईल." देवावरचा विश्वास मला प्रिय आहे. परंतु बेनसिराच्या पुस्तकात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच घडवले. देवाने पाठवलेल्या माणसाकडे पाठ फिरवायची आणि त्याला श्रद्धा म्हणायचे, हे जुळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बरेचजण निष्काळजी नसतात, ते घाबरलेले असतात. काहींना लाजही वाटते. दात रंगलेले दिसतील, डॉक्टर बोलतील, सोडतो म्हणून घरी दिलेला शब्द मोडल्याचे उघड होईल. भीती आणि जडलेली सवय यांमुळे माणसाचा दोष कमी होऊ शकतो, हेही ख्रिस्तसभा मानते. म्हणून या लेखाचा आधार घेऊन कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. ज्याला आजार झाला त्याला "तू खाल्लेस, आता भोग" असे म्हणणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. जन्मांधाकडे पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? प्रभूने त्या हिशेबात शिरायचे नाकारले आणि त्याला दृष्टी दिली.

भ्यालेल्या माणसाला उपदेशापेक्षा सोबतीची गरज असते. संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणूस स्वतः चालत प्रभूकडे गेला नाही. चौघांनी त्याला उचलून नेले, छप्पर उघडले आणि खाली सोडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानकार लिहितो. आपल्या घरात, आळीत असा कोणी असेल तर त्याच्याबरोबर जा. स्वतःचीही तपासणी करून घ्या, म्हणजे त्याला एकटे वाटणार नाही. दाढेसाठी गेलात तरी दंतवैद्याला आवर्जून सांगा, "डॉक्टर, दातांबरोबर पूर्ण तोंड पाहा." ३० ते ६५ वर्षे वयाच्या सर्वांची तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ठरले आहे. सरकारी आरोग्य केंद्रातही चौकशी करता येईल. तोंडात काही खूण दिसत असेल तर मात्र पाच वर्षे थांबू नका, याच आठवड्यात जा. खर्चाची अडचण असेल त्यांनी मला येऊन भेटावे. नाव बाहेर जाणार नाही.

मिस्सेला येण्यापूर्वी आपण आपल्या मनात डोकावतो. जे दिसते ते नेहमी सुखाचे नसते, तरी आपण पाहतो, कारण पाहिल्यावाचून क्षमा मागता येत नाही. ज्या मुखाने आपण 'आमेन' म्हणतो आणि प्रभूचे शरीर स्वीकारतो, त्याच्या आत एकदा कोणाला डोकावू देण्यात काय हरकत आहे?

संत ब्लेझ आणि संत अपोलोनिया यांच्या मध्यस्थीने प्रभू आपणा सर्वांना आरोग्य देवो आणि पाहून घेण्याचे धैर्यही देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू