बांधावरचं सरपण कुणाचं?

परतूर तालुक्यात जंगल जवळपास नाहीच. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, आणि मधून वाहणारी दुधना. चूल पेटते ती पऱ्हाट्या-तुराट्यांवर. त्या संपल्या की बांधावर, ओढ्याकाठी वाळून पडलेल्या लाकडांवर. ते लाकूड न विचारता मोळीत बांधणाऱ्या बाईने चोरी केली का? अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, हिंदू, जैन, बौद्ध तिन्ही परंपरांनी पायाभूत मानलं आहे, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही. माझ्या मते गरजेपुरतं पडकं लाकूड उचलणं हा हक्क आहे, कुणी केलेली मेहेरबानी नव्हे. आणि त्या हक्काची मर्यादा लाकूड ओळखण्यातूनच ठरते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अग्नीसाठी लाकूड, गाईसाठी गवत आणि झाडांची फळं-मुळं घेणं ही चोरी नव्हे, असं सांगितलं आहे. पण जो ग्रंथ जन्म पाहून दंड ठरवतो, जो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, त्याच्या आधाराने भूमिहीन बाईचा हक्क सिद्ध करणं मला मान्य नाही. ती मुभा नेमकी कुणासाठी होती, हा संशय राहतोच. तरी तीच गोष्ट अगदी वेगळ्या परंपरेतही सापडते, हे महत्त्वाचं आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळे भागीदार आहेत, असं एक हदीस सांगते. दोन्हीकडे यादी जवळपास एकच निघते, कारण या वस्तूंवाचून जगणं अडतं आणि त्या मालकाच्या घामातून आलेल्या नसतात. हक्क टिकतो तो या कारणावर. कोणत्या ग्रंथाने मान्यता दिली यावर नाही.

शेतकरी म्हणेल, बांध माझा, बाभूळही माझी. उद्या औताला लाकूड लागलं तर? त्याचं म्हणणं खरं आहे, आणि इथेच ओळख कामी येते. बाभळीचा लालसर गाभ्याचा जड बुंधा औताचा, गाडीचा. तो सरपण नव्हे. वाळक्या फांद्या आणि ढलप्या मात्र सरपणच. पळस भुरकन जळून जातो, शेवगा-पांगारा तर त्याहून हलके. बाभूळ, बोर, पांढुरक्या सालीचा हिवर यांचा निखारा टिकतो. वेडी बाभूळही चांगली जळते, आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी लावलेली नसते, आपसूक माजलेली असते. हातात घेतल्यावर वजनाने आणि एकमेकांवर आपटल्यावर आवाजाने लाकूड ओळखणारीला लहान मोळी पुरते. ज्याला ओळख नाही तो दुप्पट गोळा करतो, नाहीतर ओल्या फांदीला हात घालतो. म्हणजे ही जाण म्हणजेच संयम आहे. तो वेगळा शिकवावा लागत नाही. वड, पिंपळ, उंबर चुलीत न घालण्याची रीत आणि त्याच पिंपळ-उंबराच्या समिधा होमात वापरण्याची रीत एकत्र नांदतात, त्याही लाकूड ओळखल्याशिवाय पाळता येत नाहीत.

जैन आक्षेप याहून खोल जातो. पडकं लाकूडही निर्जीव नसतं. त्यात वाळवी असते, मुंग्यांची अंडी असतात. स्मृतींनीही चुलीला पाच हिंसास्थानांत मोजलं आहे. पण लेश्यांच्या, म्हणजे मनोवृत्तीच्या छटांच्या, जैन दृष्टांतात सहा माणसं जांभळाच्या झाडाशी येतात. एक झाड मुळापासून तोडू म्हणतो, आणि सगळ्यांत शुद्ध लेश्या खाली पडलेली फळं उचलणाऱ्याची ठरते. निर्दोष कुणीच नाही, पण कमी-अधिक दोषांतला फरक खरा आहे. फांदी झटकून, उलटून पाहून घेणं हा त्या फरकाचाच भाग.

राहिला गॅस. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, आणि धुराने बाईची छाती खराब होते हे नाकारता येणार नाही. सरपणाचा हक्क म्हणजे जन्मभर चूल फुंकण्याची सक्ती नव्हे. ज्याला टाकी परवडते त्याने ती जरूर वापरावी. पण टाकी भरायला रोख पैसा लागतो, आणि मजुरी थांबलेल्या महिन्यात तो नसतो. त्या महिन्यात बांधही बंद केला, तर त्या घरात भाकरी कशावर भाजायची, हे मालकी सांगणाऱ्याने आधी सांगायला हवं.