पट्टा आणि संशय

मौल्यवान वस्तू आणि तिला पेलणारा आधार यांचे नाते मोठे विषम असते. घराण्याची जुनी तसबीर दोन पैशांच्या खिळ्यावर लटकते. मंगळसूत्रातील सोन्याचा भरवसा दोऱ्याच्या एका गाठीवर असतो. आणि हजारो रुपयांचे घड्याळ मनगटावर टिकते ते जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या एका पोकळ पिनेच्या कृपेने. आपले सारे लक्ष तसबिरीकडे, सोन्याकडे, घड्याळाकडे असते. खिळा, गाठ आणि पिन यांची आठवण होते ती त्यांनी दगा दिल्यावरच.

महागड्या घड्याळाला कापडी पट्टा कोणता घ्यावा, या प्रश्नाची जागा घड्याळजीच्या दुकानात. वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचेही मत एके काळी तसेच होते. पण एका प्रसंगाने आमची खात्री पटली की, हा प्रश्न वस्तूंच्या निगेचा असला तरी त्याची मुळे नीतीत आहेत. तो प्रसंग सांगताना आम्हांस संकोच वाटतो. कारण त्यात दोष सर्वस्वी आमचा आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमची बदली गुवाहाटीस झाली. तेथील पावसाळ्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना कातडी वस्तूंची तेथे काय दशा होते हे सांगावयास नको. पुस्तकांच्या कापडी बांधणीवर, कपाटातील बुटांवर, कमरपट्ट्यांवर चार दिवसांत पांढुरकी बुरशी चढते. आमच्या मनगटावर तेव्हा वडिलांचे स्विस घड्याळ असे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून त्यांनी आयुष्यात केलेली ती एकमेव चैन. त्याचा कातडी पट्टा घामाने व दमट हवेने कुजत चालला होता, आणि तो ज्या पिनांवर अडकवलेला होता त्यांतील एक गंजली होती. बाजारातील घड्याळजीने ती बदलून घ्या म्हणून दोनदा बजावले होते. पिनेची किंमत एका चहाइतकी. आम्ही ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून ते काम लांबणीवर टाकले. कचेरीतील कागद पुढच्या तारखेवर टाकण्याची सवय माणसाला घरीही सोडत नाही.

एके सकाळी घड्याळ दिसेना. ते आम्ही रात्री लिहिण्याच्या टेबलावर काढून ठेवले होते, असे आम्हांस पक्के आठवत होते. घरात आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि दिवसभर कामास येणारा एक गडी, एवढीच माणसे. आम्ही त्याच्यावर आळ घेतला नाही. ‘तू कोठे पाहिलेस का?’ एवढेच, तेही सौम्य शब्दांत, एकदाच विचारले. परंतु तो प्रश्न आम्ही त्यालाच का विचारला, हे त्याला कळले होते आणि आम्हांलाही. त्या दिवसापासून सौ.च्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. कपाटांची कुलपे, जी वर्षभर केवळ शोभेची होती, ती लागू लागली. कोणी काही बोलले नाही. पण घरातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक कुंद झाली.

आठव्या दिवशी परसातील अळूच्या वाफ्यात तण काढताना त्याच गड्याला ते घड्याळ सापडले. पट्टा एका बाजूस लोंबत होता. दुसऱ्या बाजूची पिन नाहीशी झाली होती. तेव्हा कोठे आम्हांस आठवले की, आदल्या संध्याकाळी वडीसाठी पाने कापायला आम्हीच त्या वाफ्यात उतरलो होतो. टेबलाची ती ‘पक्की’ आठवण आदल्या शंभर रात्रींची होती. त्या रात्रीची नव्हती. गड्याने घड्याळाचा चिखल पुसला आणि आम्ही जेथे ठेवल्याचे सांगितले होते, नेमके त्याच टेबलावर ते आणून ठेवले. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर आतल्या खोलीत झाडण्यास जाताना तो दार सताड उघडे ठेवी, आणि घरातील कोणाला तरी हाक मारून समोर उभे राहावयास सांगे. आमची तेथून बदली होईपर्यंत, म्हणजे पुढील दोन वर्षे, हा क्रम चुकला नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे तर चोरच नव्हता. एक गंजलेली पिन होती आणि आमचा आळस होता. पण त्या आळसाची शिक्षा भोगली ती ज्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा माणसाने. घड्याळ हरवते तर तोटा आमचा एकट्याचा झाला असता, ही समजूत आम्ही तोवर बाळगून होतो. ती खोटी होती. गरिबाच्या वावरात महाग वस्तू सैल बांधून ठेवणारा मनुष्य केवळ स्वतःच्या मालाशी निष्काळजी नसतो. तो दुसऱ्याच्या अब्रूशी निष्काळजी असतो. वस्तू निसटते त्याच क्षणी संशय जन्मास येतो, आणि संशय पाण्याप्रमाणे नेहमी उतारावर धावतो. तो कधी साहेबाच्या बंगल्याकडे चढून जात नाही.

येथे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कोषागारात नोकरी केली असेल, त्यांना दुहेरी कुलपाची पद्धत आठवेल. तिजोरीच्या खोलीस दोन कुलपे, दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे. एकट्याने दार उघडत नाही. नव्या उमेदवाराला प्रथम हा आपल्यावरील अविश्वास वाटतो. काही वर्षे काढल्यावर त्याला उमगते की, हे दुसरे कुलूप पैशाचे जितके रक्षण करते त्याहून अधिक त्याच्या नावाचे करते. उद्या हिशेबात तूट आली तर ‘ह्याने एकट्याने उघडले असेल’ असे म्हणण्याची सोयच कोणाला उरत नाही. खबरदारी आणि अविश्वास या दोन गोष्टी दिसावयास सारख्या, पण त्यांचा क्रम उलटा आहे. घटना घडण्यापूर्वी वस्तूच्या बाबतीत घेतली ती खबरदारी. घडून गेल्यावर माणसाच्या बाबतीत घेतला तो अविश्वास. पहिली केली असती तर दुसऱ्याची वेळ आली नसती. सौ.च्या कमरेचा जुडगा हा आमच्या न बदललेल्या पिनेचा वारस होता.

आता पट्ट्याकडे वळू. नेहमीचा पट्टा, मग तो कातडी असो वा कापडी, दोन तुकड्यांचा असतो. घड्याळाच्या डबीला वरखाली जे कान असतात, त्यांच्यामधील पिनांवर एकेक तुकडा अडकवतात. पिनेच्या पोटात स्प्रिंग असते व तिची दोन्ही टोके कानांतील भोकांत बसतात. दोहोंपैकी कोणतीही एक पिन सुटली की घड्याळ खाली. म्हणजे आधार दोन असून त्यांचा उपयोग एकाइतकाही नाही; दोन्ही शाबूत असतील तरच घड्याळ शाबूत.

याउलट दुसरी एक रीत आहे. त्यात कापडाची एकच लांब पट्टी वरच्या पिनेखालून, घड्याळाच्या पाठीमागून, खालच्या पिनेखालून ओवून काढलेली असते. एक पिन तुटली तर घड्याळ दुसरीला लटकून राहते. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने 1973 साली आपल्या सैनिकांसाठी अशा नायलॉनच्या पट्ट्याचे मानक ठरवून दिले: रंग राखाडी, रुंदी 20 मिलिमीटर. पट्टीवरून घड्याळ घसरू नये म्हणून तिला आतल्या बाजूने आणखी एक आखूड पट्टी जोडलेली असते. लोक आज याला नाटो पट्टा म्हणतात. परंतु त्याचे जुने नाव ‘जी-10’. ते पडले ‘जी-1098’ या फॉर्मवरून. तो भरून दिल्याखेरीज सैनिकाला कोठारातून पट्टा मिळत नसे. फॉर्मच्या क्रमांकाने अजरामर झालेली वस्तू पाहून आम्हां सरकारी नोकरांना बंधुभाव वाटल्यास नवल नाही.

घेताना काय पाहावे, हे थोडक्यात सांगतो. पट्ट्याची रुंदी कानांमधील अंतराइतकीच हवी. 1964 सालच्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटातील नायकाच्या मनगटावर अंतरापेक्षा अरुंद पट्टा आहे, तो पडद्यावर खपला तरी आपण त्याचे अनुकरण करू नये. वीण घट्ट असावी. भोकांच्या कडा उष्णतेने वितळवून पक्क्या केलेल्या असाव्यात, नाहीतर सुतांचे धागे निघू लागतात. बक्कल जेथे जोडले आहे तेथील शिवण ओढून पाहावी. कारण पट्टी अखंड असली तरी बक्कल एकच असते, आणि त्याने दगा दिला तर दोन्ही पिना असून नसल्यासारख्या. सुती कापड दमट हवेत कुजते. नायलॉन कुजत नाही, भिजले तरी लवकर वाळते, साबणाने धुता येते. मात्र वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास तेही कमजोर होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, पट्टा बदलताना पिनाही बदलाव्यात. नव्या पट्ट्याखाली जुनी गंजकी पिन ठेवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे.

या पट्ट्यातील विचार आम्हांस विशेष भावतो. ज्याने तो आखला त्याने ‘पिन तुटणार नाही’ असे गृहीत धरले नाही. ‘पिन केव्हातरी तुटेल, मग काय?’ असे विचारले. आपल्या उणिवांचा हिशेब आधीच मांडून ठेवणे हा निराशावाद नव्हे. आपण विसरणार, चालढकल करणार, आपली स्मरणशक्ती आपल्याला ठामपणे खोटे सांगणार, हे मान्य करून त्याचा भार दुसऱ्यावर पडू न देण्याची व्यवस्था करणे, ही आमच्या मते नम्रतेची सर्वांत व्यवहारी जात आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, एवढी जोखीम असेल तर महाग वस्तू बाळगावीच कशाला? गांधीजी कमरेला साधे घड्याळ लटकवीत आणि वेळ आपल्यापेक्षा काटेकोर पाळीत. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. चैनीच्या घड्याळाबद्दल त्याला आमच्याजवळ उत्तर नाही. पण वडिलांच्या घड्याळाची गोष्ट निराळी. ते विकून टाकण्याने आम्ही विरक्त झालो नसतो. केवळ कृतघ्न झालो असतो. गांधीजींनीच विश्वस्ताची कल्पना मांडली: आपल्या हाती आहे ते आपण स्वामी म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून सांभाळावे. विश्वस्ताला वस्तू टाकून देण्याचीही मुभा नसते आणि हयगय करण्याचीही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पट्टा घट्ट केलात, पण मन? संशय हा तुमच्या मनाचा दोष. पिन बदलून तो कसा जाणार? हे खरे आहे. त्या सकाळी आमच्या मनात जे उमटले ते घड्याळाने निर्माण केले नव्हते. ते आधीपासून तेथे होते, घड्याळाने त्याला फक्त वाट करून दिली. थोर माणसाचे घड्याळ हरवते तरी त्याने गड्याकडे वळून पाहिले नसते. पण आम्ही थोर नाही, आणि थोर होईपर्यंत गड्याने आमच्या घरी उघड्या दारात झाडू मारीत राहावे हाही न्याय नव्हे. मन सुधारावयास आयुष्य लागते. पिन बदलावयास पाच मिनिटे. जे पाच मिनिटांत होण्यासारखे आहे ते न करता आयुष्याच्या साधनेच्या गोष्टी बोलणे, ही आम्हां शिकलेल्यांची जुनी पळवाट आहे.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना तर हे अधिकच लागू आहे. आपण जेथे जातो तेथील भाषा आपल्याला अर्धीमुर्धी येते, माणसे आपण ओळखत नाही, आणि दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून निघून जातो. आपल्या घरी जो काम करतो तो मात्र त्याच गावात राहतो. ‘साहेबांचे घड्याळ गेले तेव्हा हाच होता घरात,’ हे वाक्य आपली बदली झाल्यावरही त्याच्यापाशी राहते. आपले सामान मालगाडीने जाते. संशय मागेच उतरून राहतो.

गुवाहाटी सोडताना आम्ही त्या गड्याची क्षमा मागितली. शब्द आम्हांस नीट जुळविता आले नाहीत. काही त्याच्या भाषेत, काही हिंदीत. त्याने मान हलविली, आणि ट्रंकांना दोरी आवळताना एक गाठ आम्ही मारलेली सैल दिसली, ती सोडून पुन्हा स्वतः मारली. घड्याळ आजही आमच्या मनगटावर आहे. राखाडी नायलॉनच्या साध्या पट्टीत ओवलेले. वडिलांना ती पट्टी आवडली नसती. कातड्याचा तपकिरी पट्टा त्यांनी हौसेने निवडला होता. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आम्ही दोन्ही पिना बदलून घेतो. घड्याळजी म्हणतो, अजून चांगल्या आहेत. आम्ही म्हणतो, असू दे, तरीही बदल.