शंकासमाधान : गोळ्या, उपास आणि गोठवलेला गर्भ

शंका : कऱ्हाडजवळच्या एका सूनबाईंचे पत्र आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात त्यांचे भ्रूण गोठवून ठेवले आहेत. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मध्येच घटस्थापना आली. सासरी नऊ दिवस कडक उपास असतात आणि पोटात औषध गेले की व्रत मोडले, असे सासूबाईंचे म्हणणे. नवरात्रापुरत्या गोळ्या थांबवल्या तर चालेल का?

समाधान : चालणार नाही. एरवी दर महिन्याला बीजकोशात बीज वाढते, तेच इस्ट्रोजेन तयार करते आणि त्यावर गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज फुटले की त्याच्या मागे उरलेला भाग प्रोजेस्टेरॉन पाझरतो आणि अस्तर गर्भ धरायला तयार होते. या सूनबाईंसारख्या औषधांवर चालणाऱ्या चक्रात बीज वाढतही नाही आणि फुटतही नाही. ही दोन्ही कामे बाहेरून दिलेली औषधे करतात. दहा ते चौदा दिवस इस्ट्रोजेन घेतल्यावर सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. ती साधारण सात-आठ मिलिमीटर भरली की प्रोजेस्टेरॉन सुरू होते आणि पाच दिवसांचा भ्रूण बहुधा त्याच्या सहाव्या दिवशी आत सोडतात. मध्ये औषध तुटले तर अस्तरातून रक्त जाऊ लागते, महिना वाया जातो आणि खर्चही. गर्भ राहिल्यावरही वार स्वतःचे काम उचलेपर्यंत, म्हणजे दहा-बारा आठवडे, या औषधांना सुट्टी नसते.

राहिला व्रताचा प्रश्न. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात मोजल्या आहेत : पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. पुढे व्रतांवर लिहिणाऱ्या धर्मशास्त्रकारांनीही ही यादी उचलली. म्हणजे सासूबाईंच्या शंकेचे उत्तर शास्त्राने कधीच देऊन ठेवले आहे. गोळी पाण्याबरोबर घ्यावी, उपास मोडला असे समजू नये. मात्र सोबत ॲस्पिरिनसारखी जेवणानंतर घ्यायची गोळी दिली असेल तर निर्जळी उपास करू नये. भगर, दूध, फळे खाऊन ती घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

आणखी एक तरतूद लोक सोयीस्करपणे विसरतात. व्रत करणारा अशक्त किंवा आजारी असेल तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्याने उपास केलेला शास्त्राला मान्य आहे आणि त्या प्रतिनिधींत पतीचे नाव आहे. सूनबाईंनी यंदा उठता-बसता उपास करावा किंवा तोही करू नये. नऊ दिवसांचे उपास सासूबाईंच्या चिरंजीवांकडे सोपवावेत. मूल दोघांचे आहे.

मिरजेच्या एका भगिनींनी रमजानबद्दल हेच विचारले आहे. आजाऱ्याने रोजे नंतर भरून काढावेत, ही मुभा कुराणातच आहे.

शंका : साताऱ्याचे एक गृहस्थ विचारतात, ट्रान्सफरची, म्हणजे भ्रूण आत सोडण्याची, तारीख पितृपक्षात किंवा अमावास्येला आली तर पुढे ढकलावी का? घरच्यांची बोलणी कोण खाणार?

समाधान : इथे वेळेचे भान ठेवले तर दोन्ही बाजू सांभाळता येतात. गोठवलेला भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असतो. त्या थंडीत त्याचे वय वाढत नाही. महिना-दोन महिने थांबल्याने त्याचे काही बिघडत नाही. म्हणून पितृपक्ष नको असेल तर पाळी येण्याआधी पंचांग उघडावे, डॉक्टरांना सांगावे आणि गोळ्या पुढच्या महिन्यात सुरू कराव्यात. २०२५ मध्ये पितृपक्ष सुरू होताना ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहणही होते. तेव्हा ज्यांच्या मनाला ते टोचले असते, त्यांनी ऑगस्टमध्येच तसे बोलायला हवे होते. इस्ट्रोजेनच्या टप्प्यात डॉक्टर दोन-चार दिवस मागेपुढे करू शकतात. पण एकदा प्रोजेस्टेरॉन सुरू झाले की गर्भ धरण्याची वेळ ठरून जाते आणि ती थोडीच असते. तिथून पुढे अमावास्या आली काय, ग्रहण आले काय, तारीख हलवू नये. त्या टप्प्यावर मुहूर्त काढणारा आपलेच नुकसान करतो.

गोठवलेला भ्रूण वाट पाहू शकतो, हे भारतात फार पूर्वी सिद्ध झाले आहे. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ५३ दिवस गोठवून ठेवलेला भ्रूण गर्भाशयात सोडला आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, ऐन नवरात्राच्या सुमारास, मुलगी जन्मली. तिला दुर्गा म्हणू लागले. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा जेमतेम ७० दिवस झाले होते. सरकारी समितीने मुखर्जींचा दावा खोटा ठरवला, त्यांची बदली केली गेली आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. मान्यता मिळाली ती मृत्यूनंतर. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून पहिले बाळ आले, ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी.

शंका : सांगलीचे एक जैन कुटुंब. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य, कंदमूळ वर्ज्य. रात्रीची गोळी कशी घ्यायची आणि ही औषधे मुळात कशापासून बनतात?

समाधान : वेळेचे काम सोपे आहे. गोळ्यांच्या वेळा सूर्यास्ताच्या आत बसवता येतील का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. प्रोजेस्टेरॉन बहुधा योनीमार्गातून किंवा सुईने देतात आणि त्याला भोजन कोणीच म्हणणार नाही.

उगमाची कथा रंजक आहे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवले. हा कंद आपल्याकडच्या करांद्याच्या गोतावळ्यातला! पुढे सोयाबीनमधल्या द्रव्यांपासूनही ते बनू लागले. कारखान्यात रेणू इतका बदलतो की शेवटी त्यात कंद उरत नाही, माणसाच्या शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखाच पदार्थ उरतो. अडचण आहे ती वेष्टनाची. मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचे असते. ते नको असेल तर जेल किंवा तेलातले इंजेक्शन हे पर्याय आहेत. इंजेक्शन दुखते, गाठी येतात, तरी काही जणी तेच पसंत करतात.

बीज वाढवण्याच्या आधीच्या टप्प्यात दिलेल्या इंजेक्शनांची गोष्ट निराळी. त्यातले एचएमजी हे औषध पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मूत्रातून काढत. १९५० च्या दशकात इटलीतल्या एका कंपनीने त्यासाठी मठांतल्या वृद्ध जोगिणींचे मूत्र गोळा केले आणि त्या कामी पोपच्या पुतण्याने मदत केली. कॅथलिक धर्मपीठ टेस्ट ट्यूब बेबीला आजही मान्यता देत नाही, हे इथे लक्षात घेण्यासारखे. मुखर्जींनीही हेच औषध वापरले होते. आता प्रयोगशाळेत बनवलेली इंजेक्शनेही मिळतात. ज्यांना शंका आहे त्यांनी नाव विचारून घ्यावे, लाजू नये.

शंका : योनीमार्गातल्या औषधाने स्राव होतो, कधी डाग दिसतो. देवघरात जावे का?

समाधान : जावे. तो औषधाचा स्राव आहे, पाळी नव्हे. डाग दिसला तर देवघराऐवजी फोन गाठावा आणि डॉक्टरांना कळवावे, औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. विटाळ देहातूनच उपजतो, मग सोवळा कोण, असा प्रश्न चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी केला होता. ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस अंथरुणात पडून राहण्याचाही उपयोग होत नाही, असे अभ्यास सांगतात. पण मांढरदेवीचा डोंगर त्या आठवड्यात चढायलाच हवा असेही नाही.

शंका : वाळवा तालुक्यातून एका आजींनी लिहिले आहे. एवढा खर्च होतोच आहे, तर मुलाचाच भ्रूण सोडा असे डॉक्टरांना सांगावे का? देवीला तसा नवस बोलला आहे.

समाधान : सांगू नये. नवस मुलासाठी बोलला असेल तर तो मूल व्हावे एवढाच मानावा. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींना सरकारी समारंभात नवी नावे दिली गेली. ती मुलगी नको म्हणणाऱ्या घरांतलीच लेकरे होती. आजींच्याच जिल्ह्यात म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेही एका विवाहितेचा गर्भपातात जीव गेल्यानंतर. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याचे लिंग निवडणे हा गुन्हा आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यात त्याला पाच ते दहा वर्षांचा कारावास किंवा दहा ते पंचवीस लाखांचा दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.