रिंगण: नाच की उपासना?

देवापुढे नाचणे ही उपासना आहे का, या प्रश्नाला भक्तिशास्त्रात सरळ उत्तर मिळत नाही. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन असे भक्तीचे नऊ प्रकार भागवताने सांगितले. त्यांत नृत्याला वेगळी जागा नाही. वारकरी मात्र शतकानुशतके नाचत आले आहेत. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला पालखी सोहळा आषाढी वारीत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो, तेव्हा या नाचाची अनेक रूपे एकाच वाटेवर पाहायला मिळतात.

चालताना टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिंड्या पावली खेळतात. बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगरांची मेंढरे रथाभोवती धावत रिंगण पूर्ण करतात. धनगर समाजाचा गजीनाच मोठ्या ढोलांच्या घाईवर, हातात रुमाल घेऊन, वर्तुळातच रंगतो. सुंबरान, म्हणजे स्मरण, मांडून बिरोबा या त्यांच्या दैवताचे गुणगान होते. सोहळ्यातले पहिले गोल रिंगण बेलवाडीला होते आणि पुढचे इंदापूरला. पालखी मधोमध ठेवतात. पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी आणि मृदंगवादक तिच्याभोवती धावतात. मग अश्व सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी. त्यावर स्वतः तुकोबा आरूढ असल्याची श्रद्धा आहे. अश्वांच्या टापांखालची माती भाविक कपाळाला लावतात. त्यानंतर उड्या आणि फुगड्या रंगतात.

यावर विचारी आक्षेप असा, की नाचाने शरीर तापते आणि मन उत्तेजित होते. त्याचा ईश्वराशी काय संबंध? दिखाऊ भक्तीवर खुद्द तुकोबांनीच कठोर प्रहार केले आहेत. या आक्षेपाला वारकरी तत्त्वज्ञानात भक्कम उत्तर आहे. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानवादाचे खंडन केले आणि जग हा चैतन्याचाच विलास आहे असे मांडले. जग विलास असेल, तर देह हा परमार्थातला अडसर ठरत नाही. त्याची हालचालही त्याच चैतन्याची असते. म्हणून प्रश्न देह हलतो का हा नसून, तो कशाभोवती हलतो हा आहे. रिंगणात केंद्रस्थानी देव आहे, मुखात नाम आहे आणि पायांना टाळाची शिस्त आहे. कौतुक मिळवायला कोणी नाचत नाही. खेळ संपला की माणसे वय न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. अहंकार गळणे ही भक्तीची कसोटी मानली, तर हा नाच त्या कसोटीवर उतरतो.

मंगोलियातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. तिथल्या बौद्ध विहारांतला मुखवट्यांचा ‘त्साम’ हा विधी म्हणूनच केला जातो, तर पश्चिमेकडचा ‘बियेलगे’ भटक्या पशुपालकांच्या तंबूतल्या अपुऱ्या जागेत रोजच्या जगण्याच्या हालचाली नाचातून दाखवतो. त्सामवर १९३०च्या दशकातल्या धर्मविरोधी दडपशाहीने गदा आणली. १९९०नंतर तो पुन्हा सुरू झाला. विधी आणि रंजन यांतली सीमा तिथे नाचाच्या प्रकारानुसार पडते. रिंगणात मात्र धनगराचे मेंढरू, परटाचे धोतर आणि विणेकऱ्याची वीणा एकाच सेवेत येतात. रोजचा व्यवसायच तिथे पूजाद्रव्य होतो.

या समतेला इतिहासाने घातलेली मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. वाटेवर खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या सर्वांना पंढरपूरच्या मंदिराचे दार खुले नव्हते. सानेगुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. म्हणून रिंगणाच्या उपासनेचा अर्थ मैदानावर पूर्ण होत नाही. नाचताना गळालेला उच्चनीचभाव गावी परतल्यावर पुन्हा उगवू न देणे, हा या उपासनेचाच उरलेला भाग आहे. तो पाळला गेला तर नाच ही भक्ती ठरते; अन्यथा उरतो तो उत्सवाचा आनंद.