मात्रा

‘मात्रा’ हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. कवी ती मोजतो, वैद्य ती उगाळतो. आणि दोघांनाही ठाऊक असते की ती उणी पडली तर काम होत नाही आणि अधिक झाली तर असलेलेही बिघडते. बाळगुटी उगाळणाऱ्या आजीबाई या शास्त्रात पारंगत असत. सहाणेवर मायफळाचे वेढे किती द्यायचे, हे त्या बाळाच्या वयावरून आणि त्याच्या कालच्या झोपेवरून ठरवीत. ज्याच्यासाठी औषध उगाळायचे त्याला बोलता येत नसे. म्हणून त्याचे सारे म्हणणे त्याच्या अंगावरूनच वाचावे लागे.

आजीबाईंचा हाच प्रश्न हल्ली काही घरांत मांजराच्या निमित्ताने उभा राहतो. मांजराला मधुमेह होतो, हे ऐकून फराळाच्या ताटापाशी बसलेले वाचक हसतील. पण तो खरोखरच होतो, आणि विशेषतः घरात बसून लठ्ठ झालेल्या, उतारवयाच्या मांजरांना होतो. मांजर सारखे पाणी पिते, खाऊनही वाळते. क्वचित मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागते. मग इन्सुलिन सुरू होते, आणि घरातल्या प्रेमाची खरी परीक्षाही.

चारेक किलोच्या मांजराला पशुवैद्य बहुधा एखाद्या युनिटापासून, बारा-बारा तासांच्या अंतराने सुरुवात करतात. पुढचा बदलही अर्ध्या युनिटाचा, आणि तो सहसा आठवडा-दोन आठवडे वाट पाहून. हे वाट पाहणेच माणसाला जड जाते. दोन दिवसांत आकडा उतरला नाही की वाटते, आणखी थोडे द्यावे. पण चढलेली साखर पुष्कळदा सावकाश नुकसान करते. एकदम उतरलेली साखर मांजराला काही तासांत लडखडायला लावते, झटके आणते, प्राणही घेते. सिरिंजचेही तसेच. इन्सुलिन एका मिलिलिटरात ४० युनिटांचे मिळते आणि १०० युनिटांचेही. दुसऱ्यासाठी पहिल्याची सिरिंज वापरली, तर मात्रा अडीच पट होते. हात प्रेमाचा असला म्हणून हिशेब माफ होत नाही.

आणखी एक गंमत पाहा. टोपलीत घालून दवाखान्यात नेलेले मांजर भेदरते, आणि भीतीनेच त्याची साखर चढते. निरोगी मांजराचीही अशी चढते. म्हणजे यंत्रावर जो आकडा दिसतो तो रोगाचा किती आणि भयाचा किती, हे कळणे कठीण. म्हणून पुष्कळ जण घरीच, कानाच्या कडेवरचा रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासतात, आणि आकड्याइतकेच लक्ष पाण्याच्या वाटीकडे, वजनाकडे आणि खिडकीवर मारलेल्या उडीकडे ठेवतात.

पण मुक्या जिवाला रोज दोनदा टोचण्याचा अधिकार आपल्याला दिला कोणी? प्रश्न भाबडा नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. आरंभी ‘युनिट’ हे मापही सशावरून ठरले: दोन किलोच्या उपाशी सशाची साखर झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवील तेवढे औषध म्हणजे एक युनिट. सिरिंजवरच्या त्या बारीक रेघांमागे मुक्या प्राण्यांचे ऋण आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते. मांजरालाही आपण विचारू शकत नाही.

मला वाटते, संमती मागता येत नाही म्हणून उपचार सोडावा असे नाही. पण मग पाहण्याची जबाबदारी दुप्पट होते. सुई टोचताना स्वतःला विचारावे, ही वाढीव मात्रा मांजराच्या गरजेची आहे, की माझ्या अस्वस्थतेची? आपण मुलांना जास्तीचा उपदेश देतो, म्हाताऱ्यांना जास्तीची काळजी देतो, ती पुष्कळदा अशीच आपल्या जिवाची घालमेल शांत व्हावी म्हणून. घेणाऱ्याला ती सोसते की नाही, हे पाहायला आपल्याला सवड नसते.

आणि एक गोष्ट अशी की वेळेवर उपचार आणि योग्य आहार मिळाला, तर काही मांजरांची साखर पुढे इन्सुलिनावाचूनही ताब्यात राहते. मात्रा उतरत उतरत शून्यावर येते. त्या दिवशी सुई बाजूला ठेवता येणे, हीही एक मात्राच. द्यायला शिकणे अवघड खरेच. पण काल ज्याच्यामुळे जीव वाचला तेच आज देऊ नये, हे वेळीच ओळखणे त्याहून अवघड. ते ज्याला साधले, त्याच्या हाताला गुण आहे असे खुशाल म्हणावे.