समुपदेशकाचे कान कोण तपासणार?

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात एक विधान इतक्या ठामपणे केले जाते की, त्यावर शंका घेणाऱ्याच्याच हेतूवर शंका घेतली जाते. ज्याने स्वतः व्यसन भोगले आणि त्यातून जो बाहेर आला, त्याला वर्गात बसवून काही शिकवायची गरज नाही, असे ते विधान आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. समुपदेशकांचे अनेक प्रकार त्याच्या कक्षेत आले आणि नोंदणी, परवाना, नूतनीकरण, दर काही वर्षांनी सक्तीचे प्रशिक्षण हे शब्द आमच्या बैठकांमध्ये ऐकू येऊ लागले. वाद पेटला तो तिथून. ज्यांनी कित्येक घरे बुडताना वाचवली असे माझे एक ज्येष्ठ सहकारी एका परिसंवादात म्हणाले, "आमचा परवाना आमच्या अंगावर लिहिलेला आहे. कागद मागणाऱ्यांनी आधी एक रात्र टर्कीत काढून दाखवावी." टर्की म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, ते इथे देते आहे.

त्यांच्या बोलण्यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. व्यसनमुक्तीचा पगारी समुपदेशक हा व्यवसायच मुळी अनुभवी माणसांनी उभा केला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी सुरू झाली ती दोन मद्यपींच्या भेटीतून. पुढे १९५० च्या दशकात मिनेसोटातील विल्मर या सरकारी मनोरुग्णालयाने दारू सोडलेल्या माणसांना उपचाराच्या चमूत घेतले आणि १९५४ मध्ये त्या राज्याने त्यांच्यासाठी सरकारी नोकरीतले रीतसर पद निर्माण केले. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तिथेही बरे झालेले रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते होऊन वॉर्ड सांभाळू लागले. गर्दुल्ल्याला दारात उभे न करणाऱ्या समाजात "मीही तिथेच होतो" असे सांगणारा माणूस समोर बसतो, तेव्हा निम्मी भिंत पडते. हे काम कुठलीही पदवी करू शकत नाही.

पण भिंत पडल्यावर पुढे काय बोलायचे, ते अनुभव सांगत नाही. अनुभव एका माणसाचा असतो, एका नशेचा असतो, एका काळाचा असतो. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर सोडलेल्या कार्यकर्त्यापुढे आज मेफेड्रोन (एमडी) घेणारा विशीतला मुलगा येतो. हे एमडी आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यात आले तेच २०१५ मध्ये, आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये. रोज भरपूर पिणाऱ्याला "आजच्या आज सोड, मी सोडली तशी" असे सांगून घरी पाठवले, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. ब्राउन शुगरसारख्या नशेवर उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर स्थिरावलेल्या रुग्णाला "गोळी म्हणजे दुसरे व्यसनच" असे म्हणून ती सोडायला लावणारे समुपदेशक आजही आहेत. गोळी सुटते, शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते, आणि तो मुलगा पुन्हा जुन्याच मापाने घेतो. त्या एका डोसमध्ये तो मरतो. ज्यांच्या सल्ल्याने हे घडते ती माणसे मनाने चांगली असतात. त्यांना माहीत नसते, एवढेच. म्हणून या भागाबद्दल माझी भूमिका पक्की आहे. औषधे, नवे पदार्थ, सोडतानाचे धोके, कायदा आणि रुग्णाचे हक्क हे ज्ञान दर काही वर्षांनी ताजे करणे सक्तीचे असले पाहिजे. त्यातून अनुभवी माणसाला सूट नको आणि एमएसडब्ल्यू झालेल्यालाही नको.

केवळ अनुभवाच्या भरवशावर राहिले की काय होते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. चार्ल्स डीडरिच या दारू सोडलेल्या माणसाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन ही संस्था काढली. तिथे व्यसनी माणसाला गोलात बसवून सगळ्यांनी मिळून त्याच्यावर तुटून पडायचे, त्याची लाज काढायची, याला उपचार म्हणत. बाहेरचे कोणी तपासायला नव्हते आणि आतल्या कोणाला प्रश्न विचारायची मुभा नव्हती. संस्थेचा पंथ झाला. तिच्याविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत १९७८ मध्ये विषारी साप सोडण्यापर्यंत मजल गेली. संस्था संपली, पण पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या कित्येक केंद्रांत आजही नव्या रुग्णाला सगळ्यांसमोर उभे करून झापतात, त्याची मुळे तिथवर जातात.

इथवर मी सक्तीच्या बाजूने बोलले. आता ज्या माणसाच्या कामामुळे या सक्तीच्या रूढ स्वरूपावरचा माझा विश्वास उडाला, त्याच्याकडे वळते.

विल्यम मिलर हे न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९८० च्या सुमारास त्यांनी मद्यपींवर एक प्रयोग केला. नऊ समुपदेशकांना एकच उपचारपद्धती शिकवली. पर्यवेक्षकांनी एकतर्फी काचेतून त्यांची सत्रे पाहिली आणि समोरच्याचे म्हणणे कोण किती नेमकेपणाने समजून घेतो, याचा क्रम लावला. सहा महिन्यांनी रुग्णांचे पिणे किती कमी झाले ते मोजले, तेव्हा रुग्णारुग्णांतल्या फरकाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग त्या एका क्रमाशी जुळला. पद्धत एकच, प्रशिक्षण एकच, पण खोलीतला माणूस वेगळा. या प्रयोगात काही रुग्णांना समुपदेशक न देता फक्त एक पुस्तिका देऊन घरी पाठवले होते. ज्या समुपदेशकांना ऐकता येत नव्हते, त्यांच्या रुग्णांपेक्षा या पुस्तिकावाल्यांची प्रगती चांगली होती. आमच्या व्यवसायाला याहून मोठा धक्का कोणी दिला असेल असे मला वाटत नाही. वाईट समुपदेशकापेक्षा समुपदेशक नसलेला बरा, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

पुढे १९८२ मध्ये मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या एका उपचार केंद्रात गेले. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ स्वतः रुग्ण होऊन त्यांच्यासमोर बसत आणि मध्येच थांबवून विचारत की, हेच वाक्य का बोललात, तो प्रश्न का विचारला नाहीत. त्या टोचणीतून मिलर यांना आपण काय करतो ते शब्दांत मांडावे लागले आणि १९८३ च्या लेखातून प्रेरक संवादाची पद्धत जगापुढे आली. वाद घालायचा नाही, बदलण्याची कारणे आपण सांगायची नाहीत, ती रुग्णाच्याच तोंडून येऊ द्यायची, असे तिचे सार. त्यासाठी त्याने जे म्हटले त्याचा गाभा पकडून त्यालाच परत ऐकवायचा.

पद्धत गाजली, कार्यशाळांना गर्दी होऊ लागली. तेव्हा मिलर यांनी जे केले त्यासाठी मी त्यांना फार मानते. त्यांनी स्वतःच्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली आणि ती कमी पडते हे छापून मोकळे झाले. २००१ च्या अभ्यासात कार्यशाळा करून गेलेल्यांना आपण खूप बदललो असे वाटत होते. टेप ऐकल्यावर बदल थोडासाच दिसला, आणि समोरच्या माणसाच्या बोलण्यात फरक पडावा इतका तर तो नव्हताच. मग २००४ मध्ये परवानाधारक १४० व्यसन-समुपदेशकांवर मोठा प्रयोग झाला. काहींना फक्त कार्यशाळा, काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या टेपवर लेखी अभिप्राय, काहींना फोनवरून वैयक्तिक मार्गदर्शन, काहींना दोन्ही, आणि एका गटाला सुरुवातीला फक्त स्वतःचे स्वतः शिकायचे साहित्य. वर्षभर त्यांच्या प्रत्यक्ष सत्रांच्या टेप तपासल्या. ज्यांच्या टेप कोणीतरी ऐकल्या आणि त्यावर त्यांच्याशी बोलले, त्यांचे कौशल्य अधिक वाढले. आणखी एक निष्कर्ष निघाला: मी किती चांगले करतो याबद्दल समुपदेशकाचे स्वतःचे मत आणि टेपवरचे त्याचे काम यांचा काही संबंध आढळला नाही.

आता जगभरातल्या नियमांकडे पाहा. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ६० तास, कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ४० तास. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांकडून पाच वर्षांत ३० गुण मागते, भारतीय पुनर्वास परिषद नोंदणी झालेल्यांकडून १०० गुण. सगळीकडे मोजतात ते हजेरीचे तास. सकाळी रजिस्टरवर सही, दोन व्याख्याने, जेवण, आणखी एक व्याख्यान, शेवटी समाधान विचारणारा फॉर्म आणि प्रमाणपत्र. समाधान हे माप खोटे आहे, हे दोन दशकांपूर्वी सिद्ध झाले असताना आपण नवी व्यवस्था त्याच पायावर बांधायला निघालो आहोत. व्यसन-समुपदेशकांसाठी हाच साचा उचलला, तर ज्येष्ठ सहकाऱ्यांचा तिटकारा मला रास्त ठरवावा लागेल.

अनुभव तेवढा पुरे, हा त्यांचा उपाय मात्र तरीही चालणार नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातली १७० थेरपिस्ट आणि ६,५९१ रुग्णांची नोंद २०१६ मध्ये तपासली गेली. वर्षे वाढतील तसे थेरपिस्ट सुधारतात का, एवढाच प्रश्न होता. सरासरीने ते सुधारले नाहीत, किंचित घसरले. खुर्चीत घालवलेली वर्षे काय आणि सभागृहात घालवलेले तास काय, आपल्या कामावर दुसऱ्याची नजर पडल्याशिवाय दोन्ही वांझच राहतात.

ही नजर पडते म्हणजे काय होते, ते एका टेपवरून सांगते. रुग्णाची लेखी संमती होती, ओळखीचे तपशील मी बदलले आहेत. समुपदेशक स्वतः कित्येक वर्षे दारूपासून दूर असलेला, अत्यंत तळमळीचा. समोर गवंडीकाम करणारा माणूस. तो म्हणतो, "मी रोज पीत न्हाई. काम असलं की पितो." समुपदेशक लगेच, "म्हणजे रोजच की. मी पण असंच म्हणायचो. पोरांकडं बघा जरा." गवंडी: "पोरांना काय कमी केलंय मी?" समुपदेशक: "मग वहिनी का रडतात?" इथून पुढे गवंडी फक्त "हां" म्हणतो. समुपदेशक बोलत राहतो, आणि टेप संपता संपता त्याचा आवाज समाधानी असतो. पेशंटने सगळे ऐकून घेतले, असे त्याने नोंदीतही लिहिले होते.

आम्ही तिघे-चौघे बसलो आणि टेप पहिल्याच वाक्यावर थांबवली. कोणी काही शिकवले नाही. फक्त विचारले, इथे तो काय सांगत होता? समुपदेशक बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काम असलं की पितो, म्हणजे कामाचं काहीतरी आहे." पुढच्या भेटीत त्याने तेवढेच म्हटले: "कामाच्या दिवशी घ्यावीच लागते." गवंडी थांबला. "लागते असं न्हाई. पण सुट्टी झाली की सगळी बिगारी बसत्यात. त्यातनं उठून कसं जायचं?" पहिल्यांदाच त्याने एक खरी अडचण समोर ठेवली, आणि तिच्यावर दोघांना मिळून विचार करता आला. हा फरक ज्या तासाभरात पडला, तो आजच्या कुठल्याही नियमात प्रशिक्षण म्हणून गुण मिळवून देणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्ञानाच्या भागासाठी तास ठेवा, पण थोडे ठेवा आणि शेवटी परीक्षा घ्या. बाकी सगळी सक्ती टेपकडे वळवा. दर वर्षी काही सत्रांची वीस-वीस मिनिटांची ध्वनिफीत समुपदेशकाने द्यावी. संवादाचे मूल्यमापन करणारी जी पद्धत जगात वापरात आहे, ती वीस मिनिटांचाच तुकडा तपासते. किती प्रश्न विचारले, किती वेळा समोरच्याचे म्हणणे पकडून परत ऐकवले, उपदेश किती केला, हे त्यातून स्पष्ट दिसते. ही ध्वनिफीत मराठीत ऐकणारा, गवंड्याचे "हां" ओळखणारा माणूस हवा. इंग्रजी स्लाइड्सवर बेतलेल्या ऑनलाइन कोर्सने नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या कार्यकर्त्याला काहीही मिळत नाही. अनुभवी रुग्णमित्रांपैकी जे उत्तम ऐकतात त्यांनाच परीक्षक करा, म्हणजे अंगावर लिहिलेल्या परवान्याचाही योग्य मान राखला जाईल.

गोपनीयतेचा आक्षेप मला मान्य आहे. संमतीशिवाय टेप नाही, रुग्णाने नको म्हटले तर त्याच्या उपचारात तसूभर फरक नाही, अभिप्राय देऊन झाला की टेप नष्ट. आणि तिचा वापर नोकरीवरून काढण्यासाठी करायचा नाही, हे नियमातच लिहिले पाहिजे, नाहीतर माणसे निवडक टेपच देतील.

मनुष्यबळाचा आणि पैशाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे आणि दारूच्या आहारी पूर्णपणे गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. अशा वेळी आहेत ते समुपदेशक वर्गात अडकवायचे का, असे विचारले जाते. पण ऐकता न येणारा समुपदेशक त्या एकालाही पुस्तिकेपेक्षा कमी देतो. अनुदानावरच्या केंद्रातल्या समुपदेशकाला पगार महिनोन्‌महिने उशिरा मिळतो, आणि त्याने पदरमोड करून गुण विकत घ्यावेत अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. टेप ऐकण्याचा आणि त्यावर बोलण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जावा, परीक्षकाचे मानधन केंद्राच्या अनुदानात स्वतंत्रपणे मंजूर व्हावे, आणि ही तरतूद होईपर्यंत कोणाचीही नोंदणी तासांअभावी रद्द करू नये.